आळता लावलेली पिल्लं

"ए गेलडे, ओचा कर," गोदाआत्ती म्हणाली. मी झग्याचा घेर दोन्ही हातांनी धरून पुढं केला, तशी तिनं भंगारवाल्याच्या खोक्यातनं एकेक पिल्लू उचलून त्यात टाकायला सुरुवात केली. पिवळी, कापसाच्या बोळ्याएवढी. कापडातनं त्यांचे पाय मला गार लागत होते.

"मशिनची पिल्लं हायत मावशी, आई न्हाई त्यास्नी," भंगारवाला म्हणाला. फुटक्या जर्मनच्या पातेल्याच्या बदल्यात त्यानं ती दिली होती. "ऊब द्या, तर जगतील."

"तर तर. बिनआईची एक मी वाढवली," आत्तीनं दारात उभ्या असलेल्या रतनकडं हात केला, "बिनबापाची एक परवा आली. आता ही. घर न्हवं, धर्मशाळा हाय ही."

रतन फिदीफिदी हसली. मीही हसले. त्या घरात रतन हसली की हसायचं, एवढं मला कळायला लागलं होतं.

आई दुसरा घरोबा करून आली, की तिच्या मागनं आधीच्या घरातलं जे लेकरू येतं, त्याला आमच्याकडं गेलडं म्हणतात. मला अनुसया असं नाव होतं, पण आत्तीच्या तोंडात ते कधी बसलं नाही. आत्ती म्हणजे आण्णांची थोरली बहीण. रतनची आई वारली तेव्हापासून तीच त्या मळ्यातलं घर चालवायची. आण्णा, म्हणजे माझे नवे वडील, कारखान्याच्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचे आणि हंगामात घरी आले तर जेवून झोपायचे. माझं काय करायचं ते लग्नाच्या बोलणीतच ठरलं होतं. हंगाम उठेपर्यंत पोरगी आईजवळ राहील, मग तिचा मामा घेऊन जाईल. मामाकडं मी राहून आले होते. मामी वाईट नव्हती, पण तिच्याकडं शेळ्या होत्या, तान्हं मूल होतं, आणि शाळा नव्हती. आणि मुख्य म्हणजे तिथं आई नव्हती.

"जगली तर घराची," आत्तीनं शेवटचं पिल्लू ओच्यात टाकलं. "मेली तर तुझी."

"आणि जगवली तर?" मी विचारलं.

"काय जगवली तर?"

"तर मी हितं राहू?"

भंगारवाल्यानं सायकलीची साखळी बघायचं निमित्त केलं. आत्ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आधी कोंबड्यांच्यात मिसळव तर त्यास्नी. ती मिसळली, की तुझं बघू."

बोलणं संपवायला म्हणून ती बोलली असणार. मी ते शपथेसारखं धरलं.

*

घरात आई माझ्याशी फार बोलत नसे. रतन तिला मावशी म्हणायची. आई वेणी आधी रतनची घालायची, मग माझी. भाकरीवर लोणी आधी रतनच्या, मग उरलं तर माझ्या. मी मध्येच तिला बिलगले, तर ती हळूच मला बाजूला करायची आणि आत्ती कुठं आहे ते बघायची. पण पिल्लांसाठी गोठ्याच्या कोपऱ्यात खोकं मांडलं आणि आईला जागा सापडली. तिथं ती उकिडवी बसायची, तूस पसरायची, आणि बोलायची.

"चोच बुडीव पाण्यात. एकेकाची. त्यास्नी म्हाईत नसतंय पाणी काय असतंय ते. आईनं शिकवाय लागतंय."

"आणि आई नसंल तर?"

"तर तू शिकीव. मक्याच्या कण्या बारीक कर, ह्या मोठ्या हायत."

वर तिनं साठचा बल्ब टांगला होता. त्याची दोरी खाली-वर करायला मला शिकवलं. "गोळा झाली की थंडी वाजतीया, बल्ब खाली घ्यायचा. कडंला पळाली की उकडतंय, वर घ्यायचा. इसकटलेल्या जोंधळ्यागत दिसाय लागली की हात लावायचा न्हाई."

एका पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकायचे. ते पोटावर पोहल्यासारखं सरकायचं. आईनं लोकरीचा धागा घेऊन त्याचे दोन्ही पाय थोडं अंतर ठेवून एकमेकांना बांधले. ते धडपडलं, पडलं, आणि मग उभं राहिलं. आईनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. बाबा गेल्यापासून तिला तसं करताना मी पाहिलं नव्हतं.

पौषातल्या एका सकाळी लाईट गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी शाळेत होते. घरी येऊन बघते, तर सगळी पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढलेली. आई मडक्यात चुलीतले निखारे घालून, वरनं राख ओढून, भोवती गोणपाट गुंडाळून घेऊन आली. मडकं मध्ये ठेवल्यावर ढीग हळूहळू सुटला. तळाशी ते लोकर बांधलेलं होतं. चपटं झालेलं.

"ते तुझं गं," रतन वाकून बघत म्हणाली. "मेली ती तुझी असं ठरलंय न्हवं?"

मी ते उचलून बांधावर नेऊन पुरलं. परत आले तर आई निखाऱ्यांवर फुंकर मारत होती. तिनं वर बघितलं नाही. "बाकीची बघ," एवढंच म्हणाली.

बाकीची जगली. पिवळी लव गेली आणि पांढरी पिसं फुटली. आधी पंखावर, मग शेपटीवर, आणि मध्ये कुठंकुठं नुसती गुलाबी कातडी. दिसायला भिकार झाली होती. पण मी गोठ्यात गेले, की चिवचिवत अंगावर यायची, माझ्या पायाच्या बोटांवर उभी राहायची. त्या घरात माझ्याकडं धावत येणारं तेवढंच होतं.

*

अंगणातल्या कोंबड्या सगळ्या तांबूस. त्यांत तांबडी म्हणून एक होती, ती म्हातारी, जाड आणि हट्टी. दाणे टाकले, की पहिली चोच तिची. तिच्या आधी कुणी टोच मारली, तर तिच्या डोक्यावर बसलीच म्हणून समजा. आत्तीचा तिच्यावर फार जीव. तिचं अंडं आण्णांच्या किंवा रतनच्या ताटात जायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

आईनं पिल्लं बांबूच्या डालग्याखाली झाकून अंगणाच्या मधोमध ठेवली. "नुसती बघू देत एकमेकांस्नी. बघून बघून डोळ्याला सवय हुती."

कोंबड्या आल्या. डालग्याभोवती फिरल्या. फटीतनं चोची घालून बघितल्या. तांबडी तर उडून डालग्यावरच चढली आणि वरनं शिटली. रतन हसून हसून खाली बसली. "पाटलीणबाईंनी आशीर्वाद दिला!"

रोज मी डालगं थोडं पुढं सरकवायची. त्यांचे दाणे इकडं बाहेर, पिल्लांचे आत, मध्ये फक्त बांबू. हळूहळू कोंबड्या डालग्याकडं बघेनाशा झाल्या. आई म्हणाली, "झालं. आता पिसं भरू देत. कातडी दिसतीया तवर सोडायची न्हाईत."

पण मामाचा निरोप आला. येत्या बाजारी तो येणार होता. हंगाम अजून उठला नव्हता, पण मामीला मुलाकडं बघायला कुणीतरी हवं होतं.

बाजाराच्या दिवशी सकाळीच आत्ती अंगणात आली. "सोडा ती पिल्लं. डालगं पाहिजे मला."

"वन्सं, थोडी थांबूया," आई भांडी घासता घासता म्हणाली. "अजून उघडी हायत ती."

"थांबूया म्हणं. तू थांबलीस होय?" आत्ती म्हणाली. "पहिल्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत माझ्या भावाच्या दारात आलीस. आणि कोंबड्यांच्या पिल्लांस्नी थांबा म्हणतीस."

आईनं पातेल्याला राख लावली आणि घासायला सुरुवात केली.

"आणि रंग लावून सोडा," आत्ती म्हणाली. "न्हाईतर संध्याकाळी त्या शेवंताच्या खुराड्यात जातील आणि ती म्हणंल, माझीच हायत."

वस्तीवर चार घरं. कोंबड्या दिवसभर एकत्र उकरायच्या, म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. शेवंताकाकूंच्या कोंबड्यांच्या पंखाला नीळ, पलीकडच्या घरची हळद, आणि आमचा लाल आळता. आमच्या कोंबड्या मुळातच तांबूस, त्यांच्या पंखावरचा आळता जवळ गेल्याशिवाय दिसायचासुद्धा नाही.

रतननं आळत्याची बाटली आणि काडीला गुंडाळलेला कापूस आणला. मी एकेक पिल्लू धरायची, ती पंख उघडून रंग लावायची. त्या दिवशी ती खुशीत होती. जीभ बाहेर काढून ती नीट गोल करत होती. पांढऱ्या पिसांवर आळता पसरत होता आणि गुलाबी कातडीवरनं ओघळत होता.

"तुलाबी लावू?" तिनं विचारलं, आणि माझ्या दंडावर कापूस टेकवला. "मामाकडनं हरवलीस तर लोक आणून सोडतील. म्हणतील, गोदाआत्तीची दिसतीया."

दोघी हसलो. ती माझ्यावर हसली नव्हती, माझ्याबरोबर हसली होती. मला इतकं बरं वाटलं, की मी सगळी पिल्लं एकदम सोडली.

ती पांगली, थबकली, पुन्हा एकत्र आली. कोंबड्यांनी माना वर केल्या. मग तांबडी एक पाय उचलून पुढं आली. एका पिल्लाच्या पंखाकडं तिनं आधी एका डोळ्यानं बघितलं, मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्यानं. लाल ओलं काहीतरी चमकत होतं. तिनं टोच मारली. पिल्लू किंचाळलं. तिनं पुन्हा तिथंच मारली, आणि आता जे लाल आलं ते आळत्याचं नव्हतं.

मग सगळ्याच धावल्या.

पिल्लं पळाली, कोण कडब्याच्या गंजीखाली, कोण निवडुंगात. टोच बसलेलं पिल्लू पाण्याच्या दगडी डोणीच्या आणि भिंतीच्या सांदीत घुसलं. पुढं वाट नव्हती. त्यांनी त्याला तिथं गाठलं. मला नुसत्या तांबूस पाठी दिसत होत्या आणि वर-खाली होणाऱ्या माना.

मी धावले.

"उचलू नको!" आई ओरडली. "अनसे, उचलू नको! उचललंस की ते पुन्हा नवं हुतंय त्यांच्यात! पाणी मार नुसतं!"

मी ऐकलं. तिचं म्हणणं मला कळलंही. पण धुण्याच्या दगडावर बडवणं पडलं होतं, ते मी उचललं आणि दोन्ही हातांनी त्या पाठींवर मारलं.

कोंबड्या फडफडत उडाल्या. तांबडी उडाली नाही. ती एका बाजूला कलंडून गोल गोल फिरत राहिली, एक पाय मागं ओढत. सांदीत हात घालून मी पिल्लू काढलं. त्याला एक डोळा नव्हता. माझ्या ओंजळीत त्यानं दोनदा चोच उघडली आणि मग उघडली नाही.

*

 आत्तीनं तांबडीला मांडीवर घेतलं, पाय चाचपला, आणि ती डालग्याखाली झाकली. मग उठून उभी राहिली.

"मामा संध्याकाळी येतोय न्हवं? बोचकं बांध हिचं."

"वन्सं, लेकरू हाय—"

"लेकरू? आज कोंबडीचा पाय मोडला, उद्या माझ्या रतनचा मोडंल." शेवंताकाकू आणि पलीकडच्या घरची सून कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. आत्तीनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि आवाज चढवला. "मी हिला बोटबी लावणार न्हाई. लावलं तर वस्ती म्हणंल, परक्याची म्हणून मारली. तुझी पोर हाय हिरे. तू मार."

गंजीला शेवरीचा फोक टेकलेला होता. आईनं ओले हात लुगड्याला पुसले, फोक घेतला आणि माझा दंड धरला. मला भीती वाटली नाही. आई खोटं मारेल, मी खोटं रडेन, असंच मला वाटलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, ती भुवया उडवेल म्हणून.

पहिला फटका पोटऱ्यांवर बसला आणि माझा श्वास अडकला. तो खोटा नव्हता. दुसराही नव्हता. मी "आई, आई" म्हणत तिच्याच पायांना मिठी मारायला गेले, तर तिनं मला सोडवून लांब धरलं आणि मारलं. फोक मोडला. तिनं गंजीजवळचा दुसरा घेतला.

"सांग, पुन्हा करशील?" असं काहीतरी बायका मारताना म्हणतात.  आईचा नुसता श्वास ऐकू येत होता.

मध्येच ती थांबली. मान न वळवता तिनं विचारलं, "वन्सं, अजून?"

आत्ती कुंपणाकडं बघत राहिली. शेवंताकाकूंनी तोंडाला पदर लावला.

आईनं पुन्हा हात उचलला. माझा झगा पाठीवर फाटला होता. मी आता ओरडतसुद्धा नव्हते, आणि तेव्हा माझ्या अंगावर काहीतरी जड येऊन पडलं. रतन होती. तिनं मला पुरतं झाकून घेतलं होतं आणि ती माझ्या कानात किंचाळत होती, "बास की मावशी! बास! आळता मी लावला! मी लावला!"

आईचा हात वर होता. तो खाली आला. तो फटका रतनच्या पाठीवर बसला.

"अगं ए कसाबणी!" आत्ती झेपावली. तिनं फोक हिसकावला आणि त्याच फोकाचा एक आईच्या हातावर मारला. "मारून टाकतीस काय पोरींस्नी! आई हायस का कोण हायस!" आणि तिनं आम्हा दोघींना एकदमच ओढून पोटाशी धरलं. तिच्या लुगड्याला कोंबड्यांचा आणि तंबाखूचा वास येत होता. "अनसे, रडू नको. रडू नको बाळा. मी हाय न्हवं?"

आई उभी होती. मग ती भांड्यांपाशी गेली आणि राहिलेलं पातेलं घासायला बसली.

तांबडीचा पाय जुळण्यासारखा नव्हता. त्याच दुपारी तिची सागुती झाली. मी पालथी पडले होते आणि आत्ती माझ्या पाठीला तेल-हळद लावत होती. बोटं खरखरीत होती, पण हलकी. जेवताना तिनं काळजाचा तुकडा स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. रतन म्हणाली, "मला?" तर म्हणाली, "तुला उद्या. हिला जास्त लागलंय."

संध्याकाळी मामा आला. त्यानंही तांबडीचा रस्सा ओरपला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, तशी आत्तीच म्हणाली, "पोरगी कुठं जायची न्हाई. आणि तुझ्या बहिणीच्या हाताखाली तर मी तिला मुळीच ठेवणार न्हाई. माझ्याजवळ निजंल ती. रतनसंगं शाळंत जाईल."

"मी काय म्हणतो, हिरा—"

"हिराला काय इचारतोस? तिनं काय केलं ते वस्तीला इचार."

मामानं आईकडं बघितलं. आई खरकटी ताटं गोळा करत होती. "वन्सं म्हणतील तसं," ती म्हणाली.

*

मी त्या घरात राहिले. आत्तीच्या एका बाजूला रतन, एका बाजूला मी. माझी वेणी आत्ती घालू लागली. उरलेल्या पिल्लांचा आळता आठवड्यात उडाला, पिसं भरली, आणि ती केव्हा कोंबड्यांत मिसळली ते माझ्या ध्यानातही आलं नाही. वस्तीवर बायका आईबद्दल बोलायच्या. सख्खी असून कशी मारली बघा, सावत्र असती तर काय केलं असतं. मला ते ऐकायला बरं वाटायचं. आईशी मी कामापुरतं बोलायची. तिनं कधी जवळ ओढायचा प्रयत्न केला नाही.

माझ्या लग्नात सासरकडच्या एका बाईनं विचारलं, पोरगी कुणाची? आत्ती म्हणाली, "माझी." आई पलीकडच्या पंगतीत भात वाढत होती. तिनं ऐकलं. भाताची मूद ताटात नीट बसवून ती पुढं सरकली.

आत्ती गेली, आणि त्यानंतरच्या वर्षी मला मुलगी झाली. बाळंतपणाला मी मळ्यातच आले होते. आई पाय पसरून, पायांवर बाळाला पालथं घेऊन न्हाऊ घालत होती. ती तेल चोळत होती आणि मी बाजेवर पडून तिच्या हाताकडं बघत होते. तो हात इतका हळू चालत होता, की मला राहवलं नाही.

"त्या दिवशी मला ठरवून मारलंस?"

कुठल्या दिवशी, असं तिनं विचारलं नाही. "पाणी वत," म्हणाली.

मी उठून तांब्यानं पाणी ओतलं. तिनं बाळाच्या डोळ्यांवर तळवा आडवा धरला.

"ठरवायला डोकं कुठं जाग्यावर होतं?" ती म्हणाली. "कुणीतरी बास म्हणंल म्हणून वाट बघत होते. कुणी म्हणंना. मला वाटलं, आता हात थांबला तर पोर गेली. तुला कितींदा मारलं, कुठं मारलं, मला आठवत न्हाई."

"आणि कुणी म्हटलंच नसतं तर?"

तिनं बाळाला उताणं केलं. पोटावर, मानेच्या वळीत, काखेत पाणी फिरवलं.

"रतन मधी पडली, तवा मात्र मला दिसलं," ती म्हणाली. "थांबता आलं असतं. तिला बसला तो एक मी बघून मारला, वन्सं धावतील म्हणून."

बाहेर पायऱ्यांवर चपला वाजल्या. रतन धुरी घेऊन आत आली. मी बाळंत झाल्यापासून तिनं स्वतःचं घर तसंच टाकून इथं मुक्काम ठोकला होता.

"आण गं इकडं माझी बाय ती," ती हात पसरून म्हणाली. "मावशी, तुम्ही सरका. तुमचे हात कापत्यात."

आईनं बाळाला पंच्यात गुंडाळलं, रतनच्या हातात दिलं, आणि भिंतीकडं सरकली.